कॅमेरा कुणाशेजारी बसलाय?

मालिकांमध्ये बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरं, या तक्रारीची पत्रं यावेळी बरीच आली. त्यातली चार घेतली आहेत. मी व्यवसायाने संकलक, म्हणजे एडिटर. माझा डोळा कथेपेक्षा कापाकापीवर आधी जातो, हे सांगून ठेवलेलं बरं.

प्रश्न : ताई, मी आणि माझ्या मुलाने ‘ब्रेकिंग बॅड’ एकत्र बघितली. तो वॉल्टरचा भक्त झाला आणि त्याची बायको स्कायलर पडद्यावर आली की वैतागायचा. खरं सांगते, मलाही ती नकोशी व्हायची. माणसं मारणारा नवरा आवडतो आणि त्याला जाब विचारणारी बायको डोक्यात जाते, हे आमचं दुखणं की मालिकेचं?

उत्तर : दोघांचं. पण सुरुवात मालिका करते.

पहिला भाग आठवा. वॉल्टर हा शाळेतला रसायनशास्त्राचा शिक्षक; आजार कळल्यावर घरच्यांपासून लपवून अमली पदार्थ बनवायला लागतो. डॉक्टर वॉल्टरला फुप्फुसाच्या कर्करोगाचं सांगतात तेव्हा आवाज विरत जातो, कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं आणि कॅमेरा डॉक्टरांच्या कोटावरच्या मस्टर्डच्या डागावर जातो. म्हणजे आपण थेट वॉल्टरच्या डोक्यात शिरलेलो असतो. स्कायलर त्या खोलीत नाही. पुढेही हीच वाटणी चालते: गुपित त्याचं आणि आपलं, बाहेरची ती. मग तिने साधं “कुठे होतास?” विचारलं तरी आपल्याला ती नाक खुपसतेय असं वाटतं, कारण उत्तर आपल्याला ठाऊक असतं आणि पुढची गंमत बघायची घाई असते. पोटात मूल असताना नवरा न सांगता गायब होत असेल, तर कुठलीही शहाणी बाई दुसरं काय विचारेल?

आता दोघांचे गुन्हे बघा. वॉल्टर एका मुलीला डोळ्यांसमोर गुदमरून मरू देतो. एका लहान मुलाला विष देतो. स्कायलरच्या नावावर तिचा साहेब टेड याच्याशी संबंध, त्याच्या खोट्या हिशेबांवर घातलेलं पांघरूण आणि पुढे नवऱ्याचा काळा पैसा पांढरा करणं. बरं, टेडचं प्रकरण कधी घडतं? तिसऱ्या सीझनमध्ये. तोवर तिला नवऱ्याचा धंदा कळलाय, घटस्फोट हवाय, तो तिच्या मर्जीविरुद्ध घरात येऊन बसलाय, तिने पोलीस बोलावलेत आणि पोलिसांना काही करता येत नाहीये. हे सगळं मालिकेने दाखवलंय, लपवलेलं काही नाही. तरी प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती नवऱ्याला फसवणारी बाई.

हा राग पात्रापुरता थांबला नाही. स्कायलर साकारणाऱ्या ॲना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेखच लिहिला. द्वेष स्कायलरचा होता, पण तो खुद्द त्यांच्यापर्यंत, अगदी जीवे मारण्याच्या भाषेपर्यंत पोचला होता. याच भूमिकेसाठी त्यांना २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षं एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचा मानाचा पुरस्कार, मिळाला.

एडिटच्या टेबलावर हे कसं घडतं तेही सांगते. माझ्याकडे आलेल्या एका मालिकेच्या एकाच भागात नवरा आणि बायको, दोघंही एकमेकांशी खोटं बोलतात. वाक्यं जवळपास तेवढ्याच लांबीची. नवऱ्याच्या वाक्यानंतर क्लोजअप धरून ठेवायचा, आवंढा गिळतो तिथपर्यंत, खाली हलकं व्हायोलिन. बायकोच्या वाक्यानंतर लगेच ऐकणाऱ्या नवऱ्याच्या भाबड्या चेहऱ्यावर कट. तिचाही सुंदर क्लोजअप चित्रित झालेला होता. मी पहिल्या कटमध्ये तो घेतला. सूचना आली: काढा, तिची बाजू घेतल्यासारखं वाटतंय. त्याची बाजू घेतल्यासारखं वाटतंय, असं त्या खोलीत कुणाच्या मनातही आलं नाही.

खोटं बोलायचं दोघांनी. कारण मात्र एकालाच मिळतं. तुमच्या मुलाला स्कायलर आवडायलाच हवी असा हट्ट धरू नका. टेडच्या प्रकरणाआधी घरात काय चाललं होतं एवढंच विचारा.

प्रश्न : समाजच दुटप्पी आहे. मालिका तेच दाखवते. मग आरशावर का चिडायचं?

उत्तर : समाजाचा दुटप्पीपणा दाखवणं आणि मालिकेनेच दुटप्पी वागणं, या दोन गोष्टी तुम्ही एकत्र केल्यात. ‘मॅड मेन’ घ्या. कथा १९६० पासून सुरू होते. जाहिरात कंपनीतल्या डॉन ड्रेपरची बायको बेटी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते आणि तो डॉक्टर तिथलं सगळं फोनवर तिच्या नवऱ्याला सांगतो! त्या जगात हे चालून जातं. पण पहिल्या सीझनच्या शेवटी फोनच्या बिलावरून बेटीला ते कळतं. मग ती त्याच कोचावर पडून नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाबद्दल बोलते. शब्द डॉक्टरला, निरोप नवऱ्याला. त्या प्रसंगात तिला काय कळलंय हे आपल्याला माहीत असतं आणि डॉक्टरला माहीत नसतं. गुपित यावेळी तिचं आणि आपलं. जग तेवढंच दुटप्पी, पण कॅमेरा उठून तिच्या शेजारी बसला.

(डॉनला त्या मालिकेने एकूण फार लाडावून ठेवलंय, हे माझं मत कायम आहे. पडद्यावर सिगारेट ओढणाऱ्या देखण्या पुरुषाला आम्ही एडिटरही दोन सेकंद जास्तच देतो.)

प्रश्न : मोठ्या पदावरच्या बाईचं घर मालिकेत मोडलंच पाहिजे का?

उत्तर : मोडायला हरकत नाही, पुरुषांचीही मोडतात. ‘द वेस्ट विंग’मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा उजवा हात असलेल्या लिओचा संसार पहिल्याच सीझनमध्ये तुटतो. काम लग्नापेक्षा महत्त्वाचं आहे, असं तो बायकोला स्पष्ट सांगतो, ती निघून जाते. आपल्याला वाटतं, बिचाऱ्याने देशासाठी केवढं सोसलं. २०१० मध्ये सुरू झालेल्या डॅनिश ‘बॉर्गेन’मध्ये पंतप्रधान बिर्गिट्टा नीबॉर्ग हिचंही लग्न मोडतं, पण तिच्या बाबतीत मुलीचं आजारपणही त्याच हिशेबात येतं आणि ती पंतप्रधानपदावरून काही काळ रजा घेते. बॉर्गेन प्रामाणिक मालिका आहे, म्हणून तर हा फरक टोचतो. घर मोडल्यावर लिओ कामावर जातो आणि बिर्गिट्टा स्वतःला तपासत बसते.

प्रश्न : मी पुरुष आहे. नायिका नायकाला थोबाडीत मारते आणि घरातले सगळे हसतात. मला हसू येत नाही. उलट घडलं असतं तर? वाहिनीला कळवावं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण या दुटप्पीपणाचा फटका पुरुषांना बसतो तो बहुतेक विनोदाच्या नावाखाली, आणि म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही. मार खाणारा, बायकोला घाबरणारा, घर सांभाळणारा पुरुष म्हटला की तो हमखास विनोदी पात्र. बाईला राग आला तर ती कजाग, पुरुषाला रडू आलं तर तो बुळा. दोन्ही साचे एकाच कारखान्यातले.

थपडेचं म्हणाल तर निम्मं काम आवाज करतो. पुरुषाने बाईला मारलेल्या थपडेला आम्ही घुमणारा, जड आवाज लावतो, तोच शॉट तीन बाजूंनी दाखवतो आणि मग शांतता. बाईने पुरुषाला मारली की छोटासा ‘टप्’, लगेच बाजूच्या मित्राच्या मिश्कील चेहऱ्यावर कट आणि खाली टुणटुण संगीत. चित्र तेच, हात तेवढ्याच जोरात फिरलेला. एकदा मी गंमत म्हणून नायिकेच्या थपडेला तो जड आवाज लावून दाखवला. खोलीत कुणीच हसलं नाही. दिग्दर्शक म्हणाले, “नायिका एकदम खुनशी वाटायला लागली.” मग ‘टप्’ परत आला.

कळवा, जरूर कळवा. पण समानतेवर निबंध लिहू नका, तो कुणी वाचत नाही. भागाचा क्रमांक द्या, प्रसंग सांगा आणि एकच विचारा: या थपडेखाली विनोदी संगीत का आहे? असं नेमकं लिहिलेलं पत्र कधी कधी फिरत फिरत एडिटच्या खोलीपर्यंत येतं, आणि तिथे बसलेल्या माणसाला पुढच्या वेळी वाद घालताना दाखवायला काहीतरी हातात असतं.