बाहेरचा नळ गळतोय, पाइपलाइन बदलायची का?

प्रश्न: आमची तळमजल्यावरची जुनी खोली आहे, मागच्या बाजूला झाडांसाठी आणि कपडे धुवायला एक पितळी नळ आहे. सकाळी म्युनिसिपालटीचं पाणी आलं की तो टपटप सुरू होतो, कितीही घट्ट पिळला तरी थांबत नाही, आणि सोडला की हँडलखालून पण पाणी येतं. प्लंबर म्हणतोय आख्खी लाइनच बदला. खरंच बदलावी लागेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: नाही हो, एवढ्यासाठी लाइन कशाला बदलताय! पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी बघायचं, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. तोंडातून टपकतंय म्हणजे आतला वायसर झिजलाय, हँडलखालून येतंय म्हणजे ग्लँड (हँडलच्या दांड्याभोवती पाणी अडवणारा नट आणि त्यातलं भरण) ढिली झालीय, आणि ह्या दोन्ही गोष्टींसाठी नळ भिंतीतून काढायचीसुद्धा गरज नाही. नळ भिंतीत शिरतो तिथून पाणी येत असतं तर गोष्ट वेगळी होती.

तुमचा नळ डायरेक्ट लाइनवर दिसतोय, तेव्हा दुपारी पाणी गेल्यावर काम काढा, तरी मागे व्हॉल्व्ह असेल तर तो बंद कराच. हँडल काढा, पान्याने वरचा भाग सोडवून स्पिंडल (हँडल फिरवला की फिरतो तो आतला दांडा) बाहेर घ्या, त्याच्या टोकाला वायसर असतो, तो घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा म्हणजे मापाची भानगड राहत नाही. वायसर बसवायच्या आधी आत बोट फिरवून बघा, जिथे तो टेकतो ती पितळी कड खरखरीत लागली तर नवा वायसर पण लवकरच कापला जाणार, मग सरळ नळच बदला. ग्लँडला मात्र नट थोडा आवळून बघा, नाही थांबलं तर दोरा नाहीतर टेफ्लॉन टेप गुंडाळून परत आवळा. आणि नंतर नळ जोर लावून पिळू नका, त्यानेच वायसर चेपतो.

नळ बदलायची वेळ आलीच तर एका पान्याने मागचा एल्बो (पाइपचा वळणाचा जोड) धरून ठेवा आणि दुसऱ्याने नळ फिरवा. जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचे आटे गंजलेले असतात, नुसता नळ पिळला तर भिंतीत तुकडा मोडतो आणि मग खरंच भिंत फोडावी लागते. नवा नळ लावण्याआधी लाइन थोडी सोडून द्या, गंज-माती निघून जाईल, टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. बाहेर उघड्यावर पितळी नळ चोरीला जातात, म्हणून मी तरी चांगल्यापैकी प्लास्टिकचा नळच घेईन.

हे काम लांबवू नका. सेकंदाला एक थेंब आणि 20 थेंबांचं 1 मिली धरलं, तर एका तासात जवळजवळ 180 मिली पाणी वाया जातं, आणि हे पाणी तानसा-भातसावरून एवढ्या लांबून येतं.

अजून एक, विचारलं नाहीत तरी सांगते. ह्या नळाला रबरी पाइप लावून त्याचं टोक बादलीत बुडवून ठेवू नका. पाणी जाताना लाइनमध्ये ओढ तयार होते आणि बादलीतलं साबणाचं पाणी उलटं आत खेचलं जाऊ शकतं, आणि तीच लाइन तुमच्या आणि शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात जाते. काम झालं की पाइप काढून भिंतीला टांगून ठेवत जा.