मांजराचं वेट फूड: पाऊच उलटा करून वाचा

या वेळची बहुतेक पत्रं टिन आणि पाऊचमधल्या ओल्या खाण्याबद्दल आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाला माझ्याकडून एका चांगल्या ब्रँडचं नाव हवं आहे. ते मी देणार नाही. एकाच कंपनीच्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पाऊचमध्येही एक रोजचं पूर्ण जेवण असतं आणि दुसरा नुसता खाऊ. तो फरक ओळखता आला की नावाची गरज उरत नाही.

प्रश्न: पाऊचवर ‘प्रीमियम’, ‘गुर्मे’, ‘नॅचरल’ असं बरंच काही छापलेलं असतं. नेमकं काय बघून घ्यायचं?

पुढची बाजू सोडून द्या. ‘प्रीमियम’ आणि ‘गुर्मे’ या शब्दांना पोषणाच्या दृष्टीने ठरलेला अर्थच नाही. पाऊच उलटा करा आणि बारीक अक्षरात ‘कम्प्लीट’ किंवा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द शोधा. याचा अर्थ, मांजर फक्त हेच खाऊन राहिलं तरी त्याला लागणारं सगळं त्यात आहे. त्याऐवजी ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘सप्लिमेंटल’ किंवा ‘इंटरमिटंट फीडिंग’ असं दिसलं, तर तो खाऊ आहे. अधूनमधून द्यायला हरकत नाही, पण त्यावर मांजर पोसायचं नाही. गंमत म्हणजे मांसाचे अख्खे धागे दिसणारे, पारदर्शक रश्श्यातले देखणे टिन पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारात निघतात.

त्याच वाक्यात पुढे वय दिलेलं असतं: ‘ग्रोथ’ म्हणजे पिल्लांसाठी, ‘अ‍ॅडल्ट मेंटेनन्स’ म्हणजे मोठ्यांसाठी, ‘ऑल लाइफ स्टेजेस’ म्हणजे दोघांसाठी.

या एका वाक्याला मी इतकं महत्त्व देतो, त्याचं कारण टॉरिन. हे अमिनो आम्ल मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. 1987 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मांजरांमध्ये तेव्हा सर्रास दिसणारा हृदय फुगून कमजोर होण्याचा आजार टॉरिनच्या कमतरतेशी जोडलेला होता. ती मांजरं उपाशी नव्हती, बाजारातलं तयार खाणंच खात होती. टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं आणि हा आजार बराच कमी झाला. टॉरिनच्या अभावी डोळ्याचा पडदाही खराब होतो, आणि ते नुकसान भरून येत नाही. ‘कम्प्लीट’ नसलेल्या खाण्यावर मांजर महिनोन्महिने ठणठणीत दिसू शकतं. धोका नेमका तिथेच आहे.

प्रश्न: आमच्या ड्राय फूडवर प्रोटीन 34 टक्के आहे आणि पाऊचवर फक्त 10 टक्के. मग पाऊचमध्ये आहे काय, नुसतं पाणी?

पाणी आहेच, 78 टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच हे दोन आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही. आधी दोन्हीकडचं पाणी काढून टाका.

पाऊचमध्ये पाणी 78 टक्के, म्हणजे कोरडा भाग 22. प्रोटीन 10. दहाला बावीसने भागून शंभरने गुणलं की येतात साधारण 45 टक्के. ड्राय फूडमध्ये पाणी 10 टक्के, कोरडा भाग 90, प्रोटीन 34, म्हणजे सुमारे 38 टक्के. तुमचा ‘पाणचट’ पाऊच पुढे निघाला.

याच हिशोबाने कर्बोदकंही काढता येतात; ती लेबलवर सहसा छापत नाहीत. शंभरातून पाणी, प्रोटीन, फॅट, फायबर आणि खाणं जाळल्यावर उरणारी खनिजांची राख म्हणजे अ‍ॅश वजा करा. समजा पाऊचमध्ये फॅट 5, फायबर 1 आणि अ‍ॅश 2 आहे. उरले 4. बावीसने भागले की कोरड्या भागात सुमारे 18 टक्के. ड्राय फूडमध्ये हा आकडा सहज तिशीच्या पुढे असतो. अ‍ॅश छापलेली नसेल तर पाऊचसाठी 2 ते 3 धरा, अंदाजापुरतं चालतं.

अमेरिकेतल्या, पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या ‘आफ्को’ या संस्थेच्या निकषांत कोरड्या भागातलं किमान प्रोटीन मोठ्या मांजरांसाठी 26 टक्के आणि पिल्लांसाठी 30 टक्के आहे. ही किमान पातळी झाली. वेट फूडमध्ये मी निरोगी मांजरासाठी चाळिशीच्या वर बघतो. मांजर मांसावरच जगणारा प्राणी आहे. जेवणात प्रोटीन कमी असलं तरी त्याचं यकृत ते जाळत राहतं, काटकसर करायला शिकत नाही.

प्रश्न: घटकांच्या यादीत ‘मीट बाय-प्रॉडक्ट्स’ आहेत, आणि कसले कसले गमही आहेत. ग्रेन-फ्री घेतलं तर बरं का?

बाय-प्रॉडक्ट्स म्हणजे बहुतेक वेळा काळीज, हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं. आपल्याला किळस वाटली तरी शिकार केलेल्या उंदराचे हेच भाग मांजर मिटक्या मारत खातं, आणि टॉरिन हृदयात भरपूर असतं. माझी तक्रार वेगळी आहे. नुसतं ‘मीट’ किंवा ‘अ‍ॅनिमल’ लिहिलं असेल, तर ते कोणत्या प्राण्याचं आहे हे कळत नाही आणि दर खेपेला बदलूही शकतं. ‘चिकन लिव्हर’ असं स्पष्ट लिहिणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो. पोट नाजूक असलेल्या किंवा अ‍ॅलर्जीचा संशय असलेल्या मांजरासाठी तर हे बघायलाच हवं.

ग्रेन-फ्रीवर वेगळे पैसे घालवू नका. धान्य काढलं की त्या जागी बटाटा, वाटाणा किंवा टॅपिओका येतो, आणि कर्बोदकं होती तेवढीच राहू शकतात. वर सांगितलेला हिशोब करा, तो ‘फ्री’ या शब्दापेक्षा जास्त सांगतो.

ग्वार गम, कॅराजीनन वगैरे पदार्थ रस्सा दाट ठेवायला घालतात. बहुतेक मांजरांना ते चालतात. काहींना शी पातळ होते. तसं झालं तर गम नसलेला किंवा वेगळा गम असलेला प्रकार देऊन बघा.

नावाचंही बघा. आफ्कोच्या नियमांत टिनचं नाव नुसतं ‘चिकन’ असेल तर, प्रक्रियेसाठी घातलेलं पाणी वगळून, 95 टक्के चिकन लागतं. ‘चिकन डिनर’ म्हटलं की 25 टक्के पुरतं. ‘विथ चिकन’ला 3 टक्के. आणि ‘चिकन फ्लेवर’ असेल तर चव लागली की झालं. इतर देशांत आकडे वेगळे असतात, पण ‘विथ’ आणि ‘फ्लेवर’ हे शब्द कुठेही दिसले तरी मी सावध होतो.

प्रश्न: अडीच महिन्यांचं पिल्लू आणलं आहे. घरात चार वर्षांची मांजरीही आहे. दोघांना एकच टिन चालेल का? पिल्लाला दूधही द्यायचं ना?

मोठ्यांचं ‘अ‍ॅडल्ट मेंटेनन्स’ पिल्लाला रोज देऊ नका. या वयात त्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे मोठ्या मांजराच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा लागते, शिवाय हाडांसाठी कॅल्शियम आणि फॉस्फरस योग्य प्रमाणात हवं. ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ घ्या आणि साधारण वर्षाचं होईपर्यंत तेच चालू ठेवा. मेन कूनसारख्या थोराड जातींना आणखी काही महिने.

पोट लहान आणि भूक मोठी, म्हणून चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा द्या, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोनदा. या वयात मोजूनमापून उपाशी ठेवायची गरज नसते. दर आठवड्याला वजन करा. ते चढत असलं पाहिजे.

मांजरीने पिल्लाच्या ताटलीत तोंड घातलं तर बिघडत नाही, पण रोज घातलं तर ती गोल होईल. दोघांना वेगळ्या खोल्यांत जेवायला घाला आणि वीस मिनिटांनी ताटल्या उचला.

दूध नको. आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं आईचं दूध सुटलेलं असतं, आणि त्यानंतर दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते. मग जुलाब. पाणी द्या.

एक आणखी, याच महिन्यांत आवडीनिवडी ठरतात. एकाच चवीचं, एकाच पोताचं खाणं मिळालेलं पिल्लू पुढे दुसऱ्याला तोंड लावत नाही. चिकन, मासा, टर्की, आणि पाते (मऊ वाटलेलं मांस), तुकडे, मूस (त्याहून हलकं, फेसाळ) असं आलटून पालटून द्या.

प्रश्न: आमची राणीसाहेब ग्रेव्ही चाटून घेते आणि तुकडे तसेच ठेवते.

आणि मग तुम्ही दुसरा पाऊच उघडता, हे तिला कळलं आहे. ग्रेव्हीत पाणी, थोडं पीठ आणि चव असते. खरं पोषण तुकड्यांत. तुकडे काट्याने कुस्करून ग्रेव्हीत कालवा, किंवा सरळ पातेवर या. तोंडाला वास येत असेल, लाळ गळत असेल किंवा चावताना ती डोकं एका बाजूला झटकत असेल, तर मात्र हे नखरे नाहीत. दात दाखवून आणा.

प्रश्न: आमचा बोका ट्यूनाशिवाय काही खात नाही. माणसांसाठीचा ट्यूना टिन दिला तर?

रोज नको. माणसांच्या टिनमध्ये मांजरासाठी लागणारं कॅल्शियम, व्हिटॅमिन आणि टॉरिन मोजून घातलेलं नसतं. नुसत्या तेलकट माशावर ठेवलेल्या मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडून शरीरातली चरबी सुजते. पाठीला हात लावला तरी दुखतं. शिवाय ट्यूना मोठा मासा असल्याने त्यात पारा साठतो. कच्च्या माशांच्या काही जातींत थायामिन नष्ट करणारं द्रव्य असतं, म्हणून कच्चा मासा तर नकोच.

‘कम्प्लीट’ लिहिलेला ट्यूनाचा कॅट फूड पाऊच आठवड्यातून एक-दोनदा ठीक. त्यात चिकनचं पाते थोडं थोडं मिसळत जा. माणसांच्या तयार पदार्थांत कांदा-लसणाची पूडही असते, आणि ती मांजराच्या तांबड्या पेशी फोडते. घटकांत ती दिसली तर तो पदार्थ चाखायलाही देऊ नका.

प्रश्न: उघडलेला टिन किती दिवस चालतो?

झाकून फ्रीजमध्ये दोन ते तीन दिवस. बंद टिन आतल्या अन्नासकट उष्णतेने निर्जंतुक केलेला असतो, पण उघडल्यावर तो शिजलेल्या मांसासारखाच नासतो. ताटलीतलं उरलेलं दोन तासांत टाका, उकाडा असेल तर त्याच्याही आधी. फुगलेला टिन उघडूच नका. फ्रीजमधलं गार खाणं मांजर नाकारतं, कारण गार अन्नाला वास येत नाही. गरम पाण्याचा एक चमचा घालून कोमट करा.

प्रश्न: फक्त वेट फूड द्यावं की दोन्ही? दातांसाठी ड्राय चांगलं असतं म्हणतात. आमचा बोका वारंवार लघवीला बसतो, म्हणूनही विचारतो.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. बोका वारंवार बसतोय, कण्हतोय, आणि लघवीचा थेंबही येत नाही असं असेल, तर हे वाचणं थांबवा आणि आत्ता दवाखान्यात न्या. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ती पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. खाणं बदलून हे सुटत नाही.

लघवी होत असेल तरी तपासणी हवीच. पण एरवी ओल्या खाण्याचा खरा फायदा इथेच आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. तहान मंद आणि लघवी दाट. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 240 किलोकॅलरी लागतात, म्हणजे 85 ग्रॅमचे सुमारे तीन पाऊच. त्यातून जवळजवळ 200 मिलिलिटर पाणी आपोआप पोटात जातं. तेवढ्याच कॅलरी ड्राय फूडमधून दिल्या तर जेमतेम एक चमचा. लघवी पातळ राहिली की खडे धरायची शक्यता कमी होते.

दात साफ होतात ही समजूत आहे. साध्या ड्राय फूडचा दाणा दाताला टेकताच फुटतो, घासत नाही. दातांसाठी ब्रश, किंवा त्यासाठीच बनवलेले मोठे दाणे.

परवडत नसेल तर दोन पाऊच आणि उरलेल्या कॅलरींचं ड्राय फूड हे मिश्रणही चांगलंच. मात्र ड्राय फूड वजन करून द्या. वाटी भरून ठेवलेल्या घरातली मांजरं मी लठ्ठच बघतो.

प्रश्न: नऊ वर्षांची मांजरी आयुष्यभर ड्रायवर. वेट फूड ठेवलं की हुंगून निघून जाते. भूक लागली की खाईल, म्हणून ठेवून द्यायचं का?

अजिबात नाही. कुत्र्याच्या बाबतीत हे एक वेळ चालतं. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत बंद पडू लागतं. तिचं हट्टीपण तुमच्यापेक्षा जास्त टिकतं.

आधी जेवणाच्या वेळा ठरवा आणि मधली वाटी बंद करा. मग नेहमीच्या ड्राय फूडशेजारी, वेगळ्या पसरट बशीत, बोटाच्या पेराएवढं कोमट पाते ठेवा. खाल्लं नाही तरी वासाची सवय होते. काही दिवसांनी त्यावरच ड्राय फूडचे दाणे चुरून भुरभुरा. साधं बदलायचं असेल तर सात ते दहा दिवस पुरतात. अशा मांजरीला दोन महिनेही लागतील. दर आठवड्याला वजन करा. एक दिवस पूर्ण उपाशी राहिली तर तिचं जुनं खाणं परत द्या, आणि तेही नाकारलं तर व्हेटला फोन करा.