वाचकांचे प्रश्न : नळी झिजली की नेम चुकतो

प्रश्न : शिल्का तोफ मिनिटाला ३,४०० गोळे झाडते असे वाचले. मग नळ्या टिकतात कशा?
– एक टर्नर, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

उत्तर : शिल्का म्हणजे विमाने-ड्रोन पाडण्यासाठी रणगाड्यासारख्या गाडीवर बसवलेली चार नळ्यांची तोफ. ३,४०० हा झाडण्याचा वेग झाला, गाडीत गोळे असतात फक्त २,०००. २३ मिमीच्या चारही नळ्या सतत चालवल्या तर सगळा साठा ३५ सेकंदांत रिकामा. म्हणून तोफची थोडे थोडे झाडतो. शिवाय नळ्यांभोवती पाणी खेळते. लेथवर कूलंट, म्हणजे गार ठेवणारे द्रव, बंद पडल्यावर कापणाऱ्या टूलचे काय होते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. इथे धोका मात्र त्याहून मोठा : फार तापलेल्या नळीत राहिलेला गोळा नुसत्या उष्णतेने उडू शकतो.

नळ्या टिकतात, पण झिजतात, आणि खरी गोम तिथेच आहे. बोअर, म्हणजे नळीचे आतले भोक, झिजला की वायू गोळ्याच्या कडेने निसटतो आणि सुटतानाचा वेग घटतो. नव्या नळीतून तो सेकंदाला सुमारे ९७० मीटर असतो आणि गाडीतला गणकयंत्र त्याच आकड्यावर गणित मांडतो. ताशी १८० किमीने चाललेला ड्रोन सेकंदाला ५० मीटर सरकतो. गोळ्याला पोचायला साडेतीन सेकंद लागणार असतील तर नेम १७५ मीटर पुढे धरायचा. झिजेमुळे पाव सेकंद उशीर झाला, की ड्रोन साडेबारा मीटर पुढे! गेपार्ड या अशाच जर्मन तोफगाडीच्या ३५ मिमी नळ्यांच्या तोंडाशी म्हणूनच गोळ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवलेले असते. भोकाचा व्यास मोजणाऱ्या बोअर गेजपेक्षा हा इलाज बरा, कारण मोजमाप गोळीबार चालू असतानाच होते.

प्रश्न : क्षेपणास्त्रे असताना या तोफा कशाला?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुंगुस्का ही तोफा आणि क्षेपणास्त्रे दोन्ही असलेली रशियन गाडी पाहा. तिच्यावर आठ क्षेपणास्त्रे आहेत, पल्ला ८ किमी. पण अडीच किमीच्या आतले लक्ष्य त्यांच्या हाती लागत नाही. तिथे ३० मिमीच्या तोफाच हव्यात. स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र उडवणे परवडतही नाही. मे २०२५ मध्ये आपल्या सैन्याने ड्रोनवर शिल्का वापरली, सोबत ओढून न्यायच्या एल-७० आणि झेडयू-२३ या तोफा होत्याच. शिल्काची एक जुनी अडचण आहे : लक्ष्य ६० मीटरच्या खाली उतरले की जमिनीवरून परतणाऱ्या लहरींत रडार ते हरवते. मग डोळ्यांनी दुर्बिणीतून नेम धरावा लागतो.