शक्तीपेक्षा त्यामागच्या माणसाची गोष्ट सांगणारा सुपरहिरो चित्रपट कोणता?

हाणामारीपेक्षा माणूस दाखवणारा सुपरहिरो चित्रपट आपण विचारला आहे. माझे उत्तर निःसंकोचपणे ‘मिन्नल मुरली’ असे आहे. बेसिल जोसेफ यांनी दिग्दर्शित केलेला हा मल्याळम चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. केरळातील एका गावात शिंपीकाम करणारा आणि अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहणारा जेसन हा त्याचा नायक असून, ज्या रात्री त्याच्या अंगावर वीज पडते त्याच रात्री ती गावाने वेडा ठरवून दूर लोटलेल्या शिबूवरही पडते. शक्ती दोघांनाही मिळते. फरक पडतो तो कोणाला मायेची माणसे होती आणि कोणाला नव्हती याचा. गुरू सोमसुंदरम यांनी साकारलेल्या शिबूचा राग येण्याऐवजी कणव येते आणि माझ्या मते चित्रपटाचे खरे यश तेथेच आहे.

मराठवाड्यातील प्रेक्षकाला तो विशेष भिडेल. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत शेतात राबणारी माणसे आणि झाडाखाली बांधलेली जनावरे वीज पडून दगावतात, त्यामुळे विजेच्या तडाख्यातून उठून उभा राहणारा माणूस येथे निव्वळ करमणूक म्हणून पाहिला जात नाही. (मुलांसोबत पाहणार असाल, तर वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नये, हे त्यांना आवर्जून सांगावे.)

इंग्रजी चित्रपट हवा असल्यास २००४ चा ‘स्पायडर-मॅन २’ पाहावा. घरभाडे थकलेला आणि पिझ्झा पोहोचवण्याची नोकरी गमावलेला पीटर पार्कर त्यात आपला पोशाखच टाकून देतो.