वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेसलिंग मॅचेस एकाच मापाने तोलायच्या का?

नाही हो, एकच माप लावलं की गडबड होते. मी घणसोलीला राहतो, ऑफिसला जाता-येता ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाईलवर मॅचेस बघत असतो, आणि आधी हेच बघतो की ती मॅच नेमकं काय करायला निघालीय. म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईची २००९ ची अंडरटेकर विरुद्ध शॉन मायकल्स घ्या, टूमस्टोन, म्हणजे अंडरटेकरचा मॅच संपवणारा डाव, खाऊनही शॉनने खांदा उचलून हार टाळली तेव्हा अंडरटेकरचे डोळे असे विस्फारले ना, सगळी मॅच त्या चेहऱ्यावर वाचता येते! तिथे अभिनय, गोष्ट बघायची. न्यू जपान या जपानी कंपनीची ओकाडा विरुद्ध ओमेगा मॅच, ४ जानेवारी २०१७, टोकियो डोम, जवळपास ४७ मिनिटं चालली, पहिला भाग संथ वाटतो म्हणून पळवू नका, कारण ओमेगाला शेवटपर्यंत वन विंग्ड एंजल, म्हणजे त्याचा मॅच संपवणारा डाव, मारताच येत नाही आणि त्यामुळे तो हरला तरी त्या मूव्हचा धाक तसाच राहतो. हे मला फार आवडतं. मेक्सिकोच्या लुचा लिब्रेत, म्हणजे तिथल्या रेसलिंगमध्ये, मास्कची इज्जत, उड्या आणि तिघा-तिघांच्या टीम. तिथे पाय धरून वीस मिनिटं कुस्ती शोधू नका.