वाजलं म्हणजे सोनं नव्हे!

मेटल डिटेक्टर घेऊन सोनं शोधायला ऑस्ट्रेलियातल्या कॅल्गुर्लीला निघायच्या आधी महिनाभर सोलापुरातच कान तयार कर. इथे सोनं नाही सापडायचं, पण आपला काळा दगड लोहाने भरलेला, मशीनला भंडावून सोडणारा. सरावाला झकास! शेतात बांधाजवळ शिशाचा छर्रा चार बोटं खोल पुर. शिसं बरंचसं सोन्यासारखंच वाजतं.

कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, वर-खाली करून आधी ग्राउंड बॅलन्स कर, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनकडून दाबून घे, मग अगदी सावकाश फिरव. सिग्नल आला की आडवं-उभं दोन्हीकडून तपास. दरवेळी त्याच जागी, तसाच गोल, न तुटणारा आवाज आला तर खण. कॉइल जरा उचलताच विरला तर बहुतेक हॉट रॉक, म्हणजे धातूसारखा वाजणारा खनिजाचा दगड. पण बारीक सोनंही असंच विरतं रे, तिथेच माणूस फसतो. म्हणून बुटाने दोन इंच माती खरवड. जमिनीचा आवाज असेल तर जातो, धातू असेल तर आणखी ठसठशीत होतो.

डिस्क्रिमिनेशनवर, म्हणजे लोखंड वेगळं ओळखायच्या मशीनच्या सोयीवर, विसंबू नकोस. लोहाच्या मातीत छोटं सोनंही ते लोखंड म्हणून दाखवतं.

आणि बूट साधे घाल. मी दोन दिवस स्वतःच्या बुटातल्या लोखंडी टोपीचाच आवाज खणत होतो! तिथे पोचल्यावर मायनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा सरकारी परवाना, आधी काढ.