ठाण्यात राहून जुनी १२५ सीसी टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक घ्यावी का?

आधी सांगा, चालवणार कुठे? मोटोक्रॉस बाइक म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी. तिला हेडलाइट-इंडिकेटर नसतात, आरटीओत पासिंग होत नाही. घोडबंदर रोडवर काढता येणार नाही, आणि येऊरचं जंगल तर राष्ट्रीय उद्यानात येतं. म्हणजे दर वेळी टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची. हे परवडत असेल तर जरूर घ्या, त्या इंजिनाची मजा वेगळीच आहे!

बघायला जाताना मालकाला बजावा, मी येईपर्यंत किक मारू नका. गार इंजिन कसं उठतं त्यावरून बरंच कळतं. पिस्टन-रिंगा बदलून किती तास झाले ते विचारा. इथे किलोमीटर मोजत नाहीत. मग इंजिनाच्या बाजूचं मॅग्नेटचं कव्हर काढून आतलं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, काम निघालं, सरळ परत या. पिस्टनचा खर्च झेपतो, क्रँकचा जड जातो. आणि बाइक परदेशातून आलेली असून कस्टमचे कागद नसतील तर मी हातही लावणार नाही.